चारशे घावांनंतरची भरड

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥
नवी वस्ती, ता. औसा, जि. लातूर
१२ नोव्हेंबर १९९६

चि. देविका,

तुझ्या उमादेवी मावशीच्या नवऱ्याचे, पंचाक्षरी काकाचे तुला आशीर्वाद. अशी ओळख सांगावी लागती, कारण तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली न्हाई. भूकंपात मावशी गेली तेव्हा तुझं पत्र आलं होतं. त्याला जबाब दिला न्हाई. तेव्हा सगळ्यांचीच पत्रं येत होती, अन् सगळ्यांना तेच ते काय लिहायचं? तू रागावली असशील तर रागाव, पण काम ऐकून घे.

बसवंत सांगत होता, तू नांदेडला औषधाच्या कॉलेजात शिकवतीस अन् भिंगाखाली झाडपाल्याची भुकटी बघतीस. म्हटलं बरं झालं. आपल्या घरात एक तरी बघणारं माणूस निघालं.

तर बाई, आपली खोकल्याची पुडी तुला ठाव हाय. खडीसाखर, वेलची, अडुळशाचा पाला, ज्येष्ठमध अन् पिंपळी. माझ्या वडिलांपासून चालत आलेली. औसा, निलंगा, पार रेणापूरपर्यंत लोक न्यायचे. म्हणायचे, पंचाक्षरीच्या हाताला गुण हाय. नव्या वस्तीत राहायला आलो, खल पुन्हा मांडला, दीड वर्ष झालं कुटायलोय. पण पुडीला असर न्हाई. तोंडावर कोणी बोलत न्हाई. आपली सरजाबाई, जुन्या गावात भिंतीला भिंत लागून राहायची ती, अजून दर पंधरवड्याला येऊन पुडी नेती. परवा स्टँडवर गेलो तर ती दुकानात खोकल्याची बाटली घेत होती. मला बघून बाटली पदराखाली लपवली. मीही दुसरीकडं बघितलं.

जुन्या गावात शेजारी कोणी खोकलं की मला समजायचं, उद्या कोणाला पुडी द्यायची. इथं रस्ते एवढे रुंद केलेत, अन् घरं एवढी लांब लांब, की खोकला ऐकूच येत न्हाई.

बसवंतनं लातूरला पोरांची मेस काढली, हे तुला माहीत असंलच. क्लासेसची पोरं हजारानं यायलीत. वर एक खोली माझ्यासाठी बांधली म्हणतो. एकदा जाऊन आलो. चाळीस पोरं जेवायला बसलेली, एका हातात वही, एका हातात घास, अन् एकाचा आवाज न्हाई. मला वाटलं कोणाच्या तेराव्याला आलो की काय. बसवंत म्हणतो, बाबा, आता कशाला कुटता, कोणासाठी कुटता? मी त्याला कबूल केलं हाय. देविकानं भिंगातून बघून सांगितलं की पुडी बिघडली, तर महाशिवरात्रीला खल बंद, अन् मी लातूरला. चांगली हाय म्हणाली, तर मी इथंच, अन् पुन्हा नाव काढायचं न्हाई.

तीन पुड्या पाठवल्यात. खरं ते लिही. माझ्यावर दया करू नको, दया करणारे इथं बक्कळ हायेत.

मी निजामाच्या उर्दू शाळेत शिकलेला माणूस. कानामात्रा सांभाळून घे.

तुझा,
पंचाक्षरी काका


नांदेड
२ डिसेंबर १९९६

ती. काकांना देविकाचा शरणु शरणार्थी नमस्कार.

तुमचं अक्षर पाकिटावर पाहिलं आणि कॉलेजच्या जिन्यातच बसले. शिपाई विचारून गेला, मॅडम, घरी सगळं ठीक ना? घरी म्हणजे कुठे, हा प्रश्नच आहे. आई जाऊन दोन वर्षं झाली. मी इथे एका खोलीत राहते, खाली घरमालकीण. आम्ही दोघी दिवसातून एकदा बोलतो, ते पाणी आलं की नाही एवढंच. रागावले नव्हते, काका. वाट पाहून सोडून दिली होती.

आता तुमचं काम. मावशीनं ब्याण्णवच्या दिवाळीत मला एक पुडी दिली होती. बुचाच्या बाटलीत ठेवली होती, संपवली नाही. त्यामुळे जुनी आणि नवी शेजारी शेजारी ठेवून पाहता आली.

भिंगाखाली जुनी पुडी म्हणजे सगळे कण जवळजवळ एका मापाचे. नव्या पुडीत मोठे खडबडीत कण बरेच आहेत. यानं फरक पडतो. तुम्ही खडीसाखरेचा खडा तोंडात ठेवा आणि पिठीसाखर ठेवा. माल तोच, पण पिठीसाखर जिभेवर पडताच विरघळते. औषधाचंही तसंच. कण बारीक झाला की त्यातला अर्क लवकर सुटतो, आणि भुकटी घशाला धरून बसते. जाड कण घशावरून तसाच पोटात जातो. पण गिरणीत घालून पार पीठ करणंही बरोबर नाही. ती भुकटी तापते, वेलचीचा वास उडून जातो, आणि पुढे हवेतली ओल ओढून तिचे गोळे होतात. खलातली भुकटी तापत नाही. तुमची पद्धत जुनी म्हणून वाईट नाही, हे बसवंतला सांगा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दोन्ही पुड्या सारख्या वजनाच्या घेऊन पाण्यात टाकल्या. साखर विरघळली, उरलेलं गाळून वाळवलं. जुन्या पुडीत जेवढा झाडपाला उरला, त्याच्या निम्माच नव्या पुडीत उरला. पिंपळी आणि ज्येष्ठमध तर शोधावं लागलं. म्हणजे नवी पुडी बरीचशी साखरच आहे.

तुम्ही माल कमी घालणाऱ्यातले नाही, हे मला माहीत आहे. म्हणून विचारते. खलात माल घातल्यापासून पुडी बांधेपर्यंत काय काय करता ते क्रमानं लिहा. काही सोडू नका.

पुडी बिघडली असा निकाल मी दिलेला नाही. घाई करू नका.

तुमची,
देविका


नवी वस्ती
२० डिसेंबर १९९६

चि. देविकास आशीर्वाद.

बरीचशी साखरच. हे मी सरजाबाईला वाचून दाखवलं न्हाई. कोणालाच न्हाई.

तू क्रम विचारलास, लिहितो. पाची चिजा उन्हात दोन दिवस. मग वजन करून एकदमच खलात. काही वैद्य एकेक कुटतात, आपल्या घरी एकदम. मग चारशे घाव. तीनशे नव्व्याण्णव न्हाई अन् चारशे एक न्हाई. वडील म्हणायचे, त्याच्यावर कुटलं तर दवा जळती. मी शिवाचं नाव घेत मोजतो, मध्ये कोणी बोललं तरी जबाब देत न्हाई. मग वस्त्रगाळ. पातेल्यावर लुगड्याचं फडकं ताणून बांधायचं, वर भुकटी टाकून हातानं फिरवायची. खाली पडती ती पुडीत. वर राहती ती भरड, ती लिंबाच्या बुडाला. वडील तसंच करायचे, मी तसंच करतो. वस्त्रगाळ करायचं काम मावशीचं होतं, हे तू लहानपणी बघितलंस. आता ते मी करायलोय, एवढाच फरक.

फडकं मात्र तेच हाय. त्याचं सांगतो, कारण तू काहीच सोडू नको म्हणालीस.

भूकंपाच्या आदल्या दिवशी मी पिंपळी आणायला किनवटला निघालो. माझी पिशवी फाटली होती. मावशीनं पातेल्यावरचं फडकं सोडलं, झटकलं अन् माझ्या हातात दिलं. म्हणाली, यातच बांधून आणा, आणल्यावर धुऊन घेईन. मी म्हटलं, एवढं बारीक फडकं पिंपळीला कशाला? ती म्हणाली, तुम्ही आणा तर. मुक्काम किनवटला झाला. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर रेडिओ लागला होता, त्यात आपल्या भागाची नावं ऐकली. गावाला पोचलो तर काय बघायचं राहिलं होतं? घरातलं म्हणून माझ्याजवळ तेवढं फडकं राहिलं, पिंपळी बांधलेलं. खल बसवंतनं पुढं ढिगातून काढला.

पिंपळीसाठी गेलो म्हणून वाचलो. लोक म्हणतात नशीब. मला ते अजून नशीब वाटत न्हाई.

क्रमात चूक असंल तर सांग. मला तर काही दिसत न्हाई.

काका


नांदेड
८ जानेवारी १९९७

ती. काकांना शरणु शरणार्थी नमस्कार.

पत्राला उशीर झाला. परीक्षा चालू आहेत हे निमित्त सांगते, पण तेवढंच कारण नाही. चार वेळा लिहायला बसले.

काका, मला वाटतं फडकं विरलं आहे. एवढी वर्षं धुऊन धुऊन त्याचा धागा सरकला असणार, म्हणून जाड कण खाली येतात. नवं मलमलचं वस्त्र घ्या, तीन-चार वेळा धुऊन त्याची खळ काढा आणि त्यातून गाळून एक पुडी मला पाठवा. जुनं फडकं जपून ठेवा. ते काही टाकायचं नाही.

हे लिहिताना मला फार वाईट वाटतं आहे.

आमच्याकडचे दोन प्राध्यापक नोकरी सोडून लातूरला क्लासेसमध्ये गेले. आता संध्याकाळी प्रयोगशाळेत मी एकटीच असते. तुमची पुडी भिंगाखाली असते तेव्हा बरं वाटतं. घरचं काहीतरी करते आहे असं वाटतं.

देविका


नवी वस्ती
६ फेब्रुवारी १९९७

चि. देविकास आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस फडक्याला हात लावला न्हाई. मग म्हटलं, पोरगी शिकलेली हाय, तिचं ऐकू. औशाहून मलमल आणली. चार वेळा धुतली. मावशीचं फडकं घडी करून ट्रंकेत ठेवलं, खाली कडुलिंबाचा पाला घातला. मग झाकण लावलं.

नव्या मलमलीतून भुकटी पिठासारखी पडली. बघून मला लई आनंद झाला. सरजाबाईला बोलावून चिमूटभर जिभेवर ठेवायला दिली. बाईनं डोळे मिटले, चघळली अन् म्हणाली, "गोड लागती, काका." तिनं चांगल्या मनानं म्हटलं. पण खोकल्याची पुडी नुसती गोड लागली तर संपलंच की. पहिल्यासारखी घशाला झोंबायला पाहिजे. वर भरड मात्र ढीगभर राहिली, अर्धी अधिक. ती लिंबाच्या बुडाला टाकली. लिंबाला तरी खोकला येणार न्हाई.

तुझी पुडी सोबत हाय. भिंगात बघायची तर बघ, मला निकाल समजला.

लोक म्हणायचे ते खरं न्हाई. गुण माझ्या हाताला नव्हताच, मावशीच्या होता. ती गेली अन् गुण गेला. शिवरात्र सात मार्चला हाय. बसवंतला निरोप दिला की गाडी घेऊन ये. खल मोडीत घाल म्हणून सांगितलं. लातूरला कुटायला लागलो तर त्या पोरांच्या अभ्यासात व्यत्यय यायचा.

तुझ्यावर राग न्हाई. तू बघितलंस, एवढं लई झालं. पुढचं पत्र मेसच्या पत्त्यावर टाक.

काका


नांदेड
१३ फेब्रुवारी १९९७

ती. काका,

खल मोडीत घालू नका. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाचा, मग मला काय बोलायचं ते बोला.

मी तुमच्याशी खोटं बोलले. दोष फडक्याचा नव्हता. ते थोडं विरलं असेल, दुहेरी घेतलं तर अजून दहा वर्षं चालेल. ते ट्रंकेतून काढा. मला खरं कारण तुमचं डिसेंबरचं पत्र वाचतानाच कळलं होतं. संशय तर पहिल्याच दिवशी आला होता. सांगण्याची हिंमत झाली नाही, म्हणून फडक्यावर ढकललं, आणि त्यानं पुडी आणखी बिघडली.

काका, दोष त्या भरडीचा आहे, जी तुम्ही लिंबाला घालता. खलात साखर आणि पाला आधी फुटतात. पिंपळी चिवट, ज्येष्ठमध दोऱ्यासारखं. चारशे घावांत ते पुरतं फुटत नाही आणि फडक्याच्या वर राहतं. म्हणजे औषध वर राहतं आणि साखर खाली पडते. मलमल आणखी बारीक, म्हणून आणखी औषध वर राहिलं. वर राहिलेलं पुन्हा वाटायचं, पुन्हा गाळायचं, वर काहीच उरेनासं होईपर्यंत, आणि शेवटी सगळं एकत्र कालवायचं. तरच पाची चिजा पुडीत येतात.

ते काम मावशी करत होती.

मी नऊ वर्षांची होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्याकडे आले होते. तुम्ही बैलगाडीवरून पडला होता आणि कोपराचं हाड मोडलं होतं, ते नुकतंच बसलं होतं. तुम्ही चारशे घाव घालून, जेवून झोपायचात. मावशी भरड सुपात घेऊन मागच्या दारी शेवग्याखाली जायची. तिथे तिचा एक वेगळा पाटा होता. मी विचारलं, खलात का नाही कुटत? ती म्हणाली, खलाचा आवाज होतो, पाट्याचा होत नाही. तुम्ही उठायच्या आत वाटून, गाळून, पुडीच्या मालात मिसळून हात धुऊन बसलेली असायची. मी विचारलं, काकांना का नाही सांगायचं? ती म्हणाली, "हाड बसलं, पण घावात जोर न्हाई राहिला. ते त्यांना कळलं तर ते खल सोडून देतील. लोक म्हणतात त्यांच्या हाताला गुण हाय. ऱ्हाऊ दे की." मग माझ्याकडून शपथ घेतली.

पुढे मी दर सुट्टीत आले, आणि दर सुट्टीत पाहिलं. एकदाही खंड नाही. तुम्ही तापानं झोपला होता तेव्हाच काय तो पाटा बंद. तेव्हा ती तुमच्याजवळ बसून होती.

शपथ मी पंचवीस वर्षं पाळली. मेलेल्या माणसाची शपथ मोडायला भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर तुमचं मन मोडायलाही. तुम्ही लिहिलंत, दया करू नको. मी नेमकी तीच केली.

तुम्ही सोडा म्हणालात तर विषय इथेच सोडते. पण लातूरला जायचं ते पुडी बिघडली म्हणून जाऊ नका. पुडी बिघडलेली नाही. अर्धी आहे.

देविका


नांदेड
२७ मार्च १९९७

ती. काका,

माझं पत्र पोचून महिना झाला. तुमची ओळ नाही. बसवंतला कार्ड टाकलं, त्याचं उत्तर आलं. शिवरात्रीला तो गाडी घेऊन आला होता, तुम्ही दारात येऊन "आज न्हाई" म्हणालात आणि आत गेलात. त्याला वाटतंय मी तुम्हाला काही लिहिलं. मी त्याला काही सांगितलेलं नाही.

मी चूक केली असेल तर तसं लिहा. शिव्या लिहा, चालेल. पण गप्प राहू नका. मागे तीन वर्षं गप्प राहिलात, तेव्हा पहिलं वर्षभर तरी माझी आई होती. आता तुमच्याशिवाय मावशीचं नाव घेणारं मला कोणी नाही.

पाण्याची चौकशी करणारी घरमालकीण सोडली तर या महिन्यात मी घरी कोणाशी बोलले नाही. हे तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तसं आहे म्हणून लिहिते.

देविका


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥
नवी वस्ती
१० एप्रिल १९९७

चि. देविका,

काकाचे आशीर्वाद. उशीर झाला, माफ कर. परवा पाडवा झाला. गोड काही केलं न्हाई. साखर बघायला नको वाटती.

तुझं पत्र वाचलं तेव्हा पहिला राग तुझा आला. मग मावशीचा आला, अन् तो लई दिवस राहिला. एवढी वर्षं एका ताटात जेवलो अन् ही बाई माझ्या माघारी माझं काम करती? मला काय लहान लेकरू समजली का? तिच्या फोटोकडं बघायचो न्हाई. भांडायला तरी समोर पाहिजे होती.

मग म्हटलं, पोरगी नऊ वर्षांची होती, तिला काय समजलं असंल? म्हणून सरजाबाईला इचारलं. बाई ओट्यावर बसली होती, खाली मान घालून म्हणाली, "सगळ्या गल्लीला ठाव होतं, काका. तुमालाच न्हवतं."

मी म्हटलं, अन् कोणीच सांगितलं न्हाई? ती म्हणाली, "बाई म्हणायच्या, मालक झोपलेत, हळू बोला. आमी दुपारचं त्या बाजूनं पाण्यालाबी जात न्हवतो."

सगळी गल्ली, देविका. त्यातली निम्मी माणसं तर आता न्हाईत. ती माझं गुपित घेऊन गेली, अन् मी त्यांना वर्षानुवर्षं ऐटीत पुड्या दिल्या.

शिवरात्रीला बसवंतला परत पाठवलं अन् दुसऱ्या दिवशी जुन्या गावाला चालत गेलो. साडेतीन वर्षांत गेलो नव्हतो. बाभळी माजल्यात. लोकांनी चौकटी, दगड सगळं नेलं. आपलं घर कुठं होतं ते समजंना. मग शेवगा दिसला. तो तसाच उभा हाय, शेंगा लागलेल्या. त्याच्या बुडाशी माती उकरली तर पाटा निघाला, पालथा. चटणीचा न्हाई, तो स्वयंपाकघरात असायचा. हा दुसराच. मी माझ्या घरात हा कधी बघितलाच न्हाई, कारण मागच्या दारी दुपारी मी कधी गेलोच न्हाई.

उलटा केला. मधोमध एवढा खोल झिजलाय की ओंजळभर पाणी राहील. त्यात हात ठेवून बसलो. माझा खल बघ, पन्नास वर्षांचा, पण त्याच्या तळाला असं काही न्हाई. मी मोजत होतो, अन् ती वाटत होती. तिथं बसून रडलो, लपवत न्हाई तुझ्यापासून.

पाटा बैलगाडीनं आणला. वरवंटा सापडला न्हाई, गोटा वापरतो. फडकं ट्रंकेतून काढलं, दुहेरी केलं. सकाळी चारशे घाव घालतो. वडिलांचा नेम हाय, तो मोडत न्हाई. मग वरची भरड पाट्यावर घेतो. पहिल्या दिवशी चार वेळा गाळली तेव्हा कुठं फडक्यावर काही उरलं न्हाई. कोपर ठणकतं, थांबत थांबत करतो. घाई कोणाला हाय?

सरजाबाईला चिमूट दिली. ठसका लागला तिला, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "झोंबली, काका. पहिल्यावानी." त्यानंतर तिच्या हातात बाटली दिसली न्हाई. काल तिघं आले, एक तर पार रेणापूरहून. म्हणाला, काका, तुमच्या हाताचा गुण परत आला म्हणं. मी त्याला सांगितलं, हात माझा न्हाई, माझ्या बायकोचा हाय. त्याला वाटलं म्हातारा भ्रमलाय. वाटू दे. आता जो येईल त्याला हेच सांगणार हाय.

बसवंतला लिहिलं, ती खोली पोरांना दे. त्यांना अभ्यासाला जागा लागंल. मी इथंच हाय.

तुझी शपथ मोडली म्हणून मनाला लावून घेऊ नको. ती मावशीनं मला जपायला घातली होती, अन् तू मोडलीस तीही मला जपायलाच. उन्हाळ्याची सुट्टी लागली की इकडं ये. त्या खोलीत एकटी काय करतीस? भिंग आणता आलं तर आण, मला बघायचं हाय एकदा. येताना वरवंटा मिळाला तर बघ, किनवटकडचा काळा दगड चांगला.

पुडी सोबत पाठवली. बघून सांग, जुन्या पुडीच्या जवळपास आली का. अजून तिच्याएवढी बारीक होत न्हाई, मला ठाव हाय. तिला सरावच तेवढा होता.

दुपारचं आता झोपत न्हाई. पंचवीस वर्षं झोपलो, लई झालं.

तुझा,
पंचाक्षरी काका